बातमीतून उरलेलं: एका तालुका वार्ताहराच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सहा वर्षं एका दैनिकाचे तालुका वार्ताहर आहात. दोन वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी दिलीत. पुढे त्याच्या पत्नीचं मदतीचं प्रकरण ‘अपात्र’ ठरलं, तीही बातमी दिलीत. तेव्हापासून ते घर डोक्यातून जात नाही आणि त्यावर कादंबरी लिहायची आहे. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, बातम्या लिहून लिहून हात बोथट होतो, साहित्य करायचं तर आधी नोकरी सोड. दुसरे म्हणतात, तुझ्याकडे तर सगळं तयारच आहे, नावं बदल आणि लिहून टाक. यातलं कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता, पहिलं वाक्य कुठून सुरू करू, असंही.

दोघांचंही ऐकू नका, असं म्हणेन. पहिल्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, पण उपाय चुकीचा आहे. दुसऱ्या सल्ल्याने मी स्वतः पोळलोय, ते पुढे सांगतो. मी तीस वर्षं मराठी वृत्तपत्रांत काढली. आधी जिल्ह्यात बातमीदारी, मग मुंबईत डेस्क, म्हणजे ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या बातम्यांचं संपादन. दोन कथासंग्रह आणि एक कादंबरी नावावर आहे, आणि एक कादंबरी अर्धवट पडून आहे. ती का अडली हे कळायलाच मला दहा वर्षं लागली. तेव्हा जे सांगतोय ते अनुभवाचं आहे, सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

पत्रकारिता आणि साहित्य ही दोन वेगळी घराणी आहेत, हा समज आपल्याकडे तरी फार जुना नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातूनच क्रमशः येत राहिली. वाचक पुढच्या अंकाची वाट बघतोय, हे माहीत असताना लिहिलेली ती कादंबरी आहे. नंतरचे भाऊ पाध्ये, अरुण साधू, जयंत पवार हे तिघेही पगार वृत्तपत्रांतून घेत होते. साधूंच्या कादंबरीचं नाव बघा, ‘मुंबई दिनांक’. कोणत्याही बातमीचे पहिले दोन शब्द! बातमीदाराने आपल्या कॉपीची डेटलाइन, म्हणजे सुरुवातीची गाव-तारखेची ओळ, उचलून पुस्तकावर ठेवली. साधूंनी नोकरीचा बराच काळ इंग्रजी पत्रांत काढला आणि कादंबऱ्या मराठीत लिहिल्या. दिवसाची भाषा आणि स्वतःची भाषा वेगळी राहिली याचा त्यांना फायदा झाला असावा, असं मला नेहमी वाटत आलंय. तुमच्या-माझ्यासारख्यांना ती सोय नाही. आपली दोन्ही कामं एकाच मराठीत.

म्हणून पहिल्या सल्ल्यातलं तथ्य मान्य करू. बातमीची मराठी हाताला सवय लावते. परिसरात ‘एकच खळबळ’ उडते, नागरिक ‘हळहळ व्यक्त’ करतात, पोलीस ‘घटनास्थळी धाव’ घेतात आणि ‘पुढील तपास’ करीत राहतात. रात्री अकराला पान सोडायचं असताना हे शब्द देवासारखे धावून येतात, त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण या भाषेचं खरं नुकसान शब्द शिळे होण्यात नाही. तुमच्याच बातमीचा मथळा घ्या. मी तो पाहिलेला नाही, तरी पैजेवर सांगतो की त्यात ‘कर्जाला कंटाळून’ असेल.

आता ‘कंटाळून’ या शब्दावर थांबा. माणूस वाट पाहून कंटाळतो, रोज तीच भाजी खाऊन कंटाळतो. कर्जाला कंटाळतो म्हणजे नेमकं काय होतं? सोसायटीच्या सचिवाला बघून रस्ता बदलतो, की मुलीच्या शाळेच्या सहलीचे पैसे नाही म्हणताना बायकोवर ओरडतो? मथळ्याला एक कारण लागतं आणि ते तीन शब्दांत लागतं. कोणत्याही आत्महत्येमागे एकच कारण नसतं, हे आपल्याला माहीत असतं, तरी आपण एकच छापतो. तेव्हा बातमीने तुमची भाषा बिघडवली, याची मला काळजी नाही. तिने तुम्हाला कारण लवकर सापडायची सवय लावली, याची आहे. नोकरी सोडली म्हणून ही सवय सुटत नाही. मी तीन महिने बिनपगारी रजा घेऊन बघितलंय. त्या तीन महिन्यांत मी एक लांबलचक बातमी लिहिली आणि तिला कादंबरी म्हणत होतो.

हीच सवय सरकारी कागदालाही असते, आणि तुमचा विषय तिथेच आहे. २००६ पासून राज्य सरकार अशा कुटुंबाला एक लाख रुपये देतं, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण त्याआधी तपासलं जातं: कुटुंबात कोणाच्या नावावर जमीन होती का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, ते थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का. गावातल्या बिनपरवाना सावकाराचं कर्ज या हिशेबात बसत नाही. तुम्ही लिहिलंय की त्या बाईंचं प्रकरण याच मुद्द्यावर फेटाळलं गेलं. म्हणजे जे कर्ज कागदावर नव्हतं, त्यापायी गेलेला माणूस कागदावर शेतकरी आत्महत्येत मोजला गेला नाही. आणि शेरा काय, तर ‘अपात्र’. मराठीत कथेतल्या माणसालाही पात्रच म्हणतात. मी ही कोटी म्हणून सांगत नाही. जो माणूस सरकारच्या रकान्यात आणि आपल्या सिंगल कॉलममध्ये पात्र होऊ शकला नाही, त्याच्यासाठी तर तुम्हाला कादंबरी लिहावीशी वाटतेय.

मग बातमी संपते कुठे आणि कथा सुरू होते कुठे? मला हे समजायला मदत झाली ती एका नाटकाची. १९८१ मध्ये अश्विनी सरीन या पत्रकाराने बाईची खरेदी-विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी स्वतःच एक बाई विकत घेतली आणि ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये ती बातमी दिली. बातमी म्हणून तिचं काम चोख होतं. बायका विकल्या जातात का? जातात, ही बघा पुराव्यासह. विजय तेंडुलकरांनी त्यावरून ‘कमला’ लिहिलं. तेंडुलकरांनीही वृत्तपत्रांत नोकऱ्या केलेल्या, त्यामुळे ही बातमी कशी घडते हे त्यांना आतून माहीत होतं. पण नाटकात ते बाजाराकडे गेलेच नाहीत. त्यांनी ती विकत घेतलेली बाई पत्रकाराच्या घरात आणून बसवली, आणि ती पत्रकाराच्या बायकोला सहज विचारते की, तुला केवढ्याला घेतलं? हा प्रश्न कोणत्याही बातमीत बसत नाही. तो कोणी ‘सांगितला’ नाही, त्याला सूत्र नाही, पुरावा नाही. पण तो बातमीशिवाय सुचलाही नसता. मी बातमी आणि साहित्याचं नातं असंच समजतो. बातमी ज्या प्रश्नाचं उत्तर देते, तोच प्रश्न साहित्याने पुन्हा द्यायचा नसतो. त्या उत्तराने ज्याची झोप उडाली पाहिजे होती आणि उडाली नाही, त्याच्या घरात जायचं असतं. तुमच्या बाबतीत ते घर कदाचित त्या बाईंचं नसेल. तलाठ्याचं असेल. तुमचं स्वतःचंही असू शकेल.

आता माझं पोळलेलं सांगतो.

नव्वदच्या दशकात मी जिल्ह्यात असताना एका गावात विहिरीत पडून बावीस वर्षांची विवाहिता गेली. पंचनामा चालू असताना मी पोचलो. चार ओळींची बातमी दिली: पाणी काढताना पाय घसरल्याचे समजते, अकस्मात मृत्यूची नोंद, पुढील तपास सुरू. आतल्या पानावर कुठेतरी ती छापून आली. पण विहिरीच्या काठावर मला चपलांचा एक जोड दिसला होता. शेजारी-शेजारी नीट ठेवलेला, तोंडं गावाकडे. घसरणारा माणूस चपला अशा जुळवून ठेवत नाही, असं माझ्या मनाने घेतलं. बातमीत चपला आल्या नाहीत, कारण त्यांच्याबद्दल कोणी काही बोललंच नव्हतं आणि मला संशयाची बातमी करायची हिंमत नव्हती. वहीत मात्र लिहून ठेवलं.

आठ वर्षांनी त्यावर कथा लिहिली. पहिल्या खर्ड्यात ती मुलगी मनात काय काय म्हणते याची सहा पानं होती. सगळी खोटी. मला तिच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. मग लक्षात आलं की मला माहीत आहे तो पंच. सही करायला बोलावलेला माणूस, ज्याला लवकर घरी जायचंय, ज्याने चपला बघितल्या आहेत आणि ज्याला कोणी विचारत नाही. त्याच्या बाजूने लिहिली आणि कथा उभी राहिली. एका दिवाळी अंकात आली, चार लोकांनी चांगलं म्हटलं.

जानेवारीत तिचा भाऊ ऑफिसात आला. मी घाबरलो होतो, पण तो भांडायला आला नव्हता. अंक पिशवीत होता. म्हणाला, “गोष्ट चांगली लिहिलीय साहेब. पण ताईला चपला नव्हत्या. आणि आमच्याकडे विहिरीवर कोणी चपला घालून चढत नाही. त्या दिवशी एवढी माणसं जमली होती, त्यातल्याच कोणाच्या तरी असतील.” मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

यावर मी खूप वर्षं विचार केलाय, म्हणून जरा रेंगाळतो. कथा म्हणून ती आजही खोटी ठरत नाही. कथेतल्या बाईला चपला असू शकतात. पण कथा लिहिताना माझी समजूत अशी होती की बातमीदार म्हणून जे सत्य मला छापता आलं नाही, ते मी आता सांगतोय. आणि ते सत्यच नव्हतं. विहिरीवर उभं राहून “या चपला कोणाच्या?” एवढं विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. मी बातमीदार म्हणून आळस केला आणि त्या आळसाला पुढे कल्पनाशक्ती म्हणालो. पत्रकार कथा लिहितो तेव्हा त्याचा सगळ्यात सोपा घात हा असतो, निदान माझा झाला. कथेत स्वातंत्र्य आहे म्हणून विचारणं थांबवायचं नसतं. आधी सगळं विचारून घ्यायचं, मग काय वापरायचं आणि काय बदलायचं ते ठरवायचं. माहीत असून बदललं तर ती कथा. माहीत नाही म्हणून रचलं, तर पुष्कळदा ती फक्त ऐकीव बातमी असते, जरा सजवलेली.

दुसरी गोष्ट भावाने न बोलता सांगितली. त्याने ओळखलं, म्हणजे सगळ्या गावाने ओळखलं. मी नावं बदलली होती. ‘नावं बदल आणि लिहून टाक’ या सल्ल्याची गंमत इथे आहे. आपल्याकडे आडनावात जात असते, जिल्हा असतो, कधीकधी गावही असतं. ते बदललं की माणूसच बदलतो आणि नाही बदललं तर माणूस सापडतो. बीडचा माणूस साताऱ्यात नेला तर पीक बदलतं, बोली बदलते, सोसायटीचं राजकारण बदलतं. कापसाच्या जागी ऊस लिहून चालत नाही, कर्जाचं सगळं वर्षच वेगळं होतं. म्हणून मी आता दुसऱ्या बाजूने जातो. माणूस एकाच घरातून घेत नाही. तुम्ही सहा वर्षांत अशी किती घरं बघितली असतील? एका घरातली चूल, दुसऱ्या घरातला म्हातारा, तिसऱ्या घरातलं भांडण. हे एकत्र शिजायला वेळ लागतो आणि शिजल्यावर त्यातलं कोणतंच घर आपलं म्हणून ओढून काढता येत नाही. इथे तुमची बातमीदारी भांडवल म्हणून उपयोगी पडते. घरात बसून लिहिणाऱ्याकडे एकच घर असतं, बहुतेक वेळा स्वतःचं.

कायद्याचं थोडक्यात, कारण ते परिस्थितीवर अवलंबून आहे आणि छापण्याआधी वकिलाला दाखवलेलं बरं. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही ओळ ढाल नाही. वाचकाला माणूस ओळखता आला तर बदनामीचा दावा होऊ शकतो. जुन्या दंडसंहितेतलं ४९९ आता भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ झालं आहे, १ जुलै २०२४ पासून. माणूस हयात नाही म्हणून मोकळीक मिळते असंही नाही. त्याच्या जवळच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर मृताबद्दलचं विधानही बदनामीत येतं. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करण्यावर तर फौजदारी बंदी आहे. आणि तुम्ही लिहिलेल्या बातम्यांचं म्हणाल, तर नोकरीत असलेल्या पत्रकाराच्या मजकुराचा वृत्तपत्रात छापण्यापुरता हक्क मालकाचा असतो, उलट करार नसेल तर बाकीचे हक्क तुमचे. मानधनावरच्या वार्ताहराचं नातं वेगळं पडतं, तेव्हा तुम्ही सही केलेला कागद एकदा काढून वाचा. घडलेल्या गोष्टीवर मात्र कोणाचीच मालकी नसते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मी विचारतो: ही कादंबरीच का? लांब लेख का नाही? अनिल अवचटांनी ‘पूर्णिया’पासून पुढे जे लिहिलं, त्यात कल्पित काही न घालता माणूस उभा राहतो. मी एक साधी परीक्षा करतो. उद्या वाचकाला कळलं की हे घडलेलंच नाही, तर त्याला फसवल्यासारखं वाटेल का? वाटणार असेल तर तो मजकूर पत्रकारितेचा आहे, त्यात एक वाक्यही रचायचं नाही. १९८० मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये जॅनेट कुक यांनी हेरॉइनच्या विळख्यात सापडलेल्या आठ वर्षांच्या मुलाची कहाणी लिहिली. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. मग कळलं की असा मुलगाच नाही, आणि पारितोषिक परत करावं लागलं. तीच गोष्ट कथा म्हणून छापली असती तर कोणाची तक्रार नव्हती. पण मग पोलिसांनी शहरभर त्या मुलाला शोधलंही नसतं. बातमीवर माणसं उठून कामाला लागतात, म्हणून तिथे रचणं हा गुन्हा. त्या बाईंचं प्रकरण पुन्हा उघडलं जावं, हा तुमचा हेतू असेल तर कादंबरीची वाट बघू नका, लेख लिहा आणि कागदपत्रं जोडा. कादंबरीने कोणाची फाइल हलत नाही.

लेख लिहूनही काही उरलं, तर ते कादंबरीचं. आणि घाई करू नका. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, जवळपास अडीच लाख माणसं बाहेर पडली, रोज बातम्या छापून आल्या. जयंत पवारांचं ‘अधांतर’ रंगभूमीवर आलं १९९७ मध्ये. तेव्हा संपाची बातमी कधीच थंड झाली होती आणि नाटक होतं गिरणगावातल्या एका घराबद्दल. पंधरा वर्षं थांबा असं म्हणत नाही, पण दोन वर्षं कमीच वाटतात मला. तोवर दोन वह्या ठेवा. एकीत बातमीचं, तारखेसह. दुसरीत ते, जे बातमीत कुठेच बसलं नाही: कोण कुठे बसलं होतं, कोण बोलता बोलता थांबलं, चहाला कोणता कप दिला. या वहीत ‘कारण’ हा शब्द लिहायचा नाही असा मी स्वतःला दंडक घातला होता. पाळता आला नाही, पण उपयोग झाला.

नोकरीचं म्हणाल तर सोडू नका, जमलं तर काही वर्षं डेस्क मागून घ्या. बातमीदारीत साहित्य मिळतं आणि वेळ जातो, डेस्कवर उलटं. माझं बरंचसं लिखाण डेस्कच्या वर्षांत झालं, रात्रपाळी करून उशिरा उठल्यावर, दुपारच्या जेवणाआधीच्या दीड तासात. दुसऱ्यांच्या कॉपीतली पहिली तीन वाक्यं बेधडक कापण्याचा सराव तिथेच झाला. तो स्वतःच्या कथेवर चालवताना मात्र अजून हात थरथरतो.

राहिला पहिल्या वाक्याचा प्रश्न. तो मी सोडवू शकत नाही, पण कुठे शोधाल ते सांगू शकतो. प्रकरण अपात्र ठरल्याचं पत्र त्या घरी पोचलं, ते तुम्ही छापलंत. ते पत्र त्या बाईंना कोणी वाचून दाखवलं? सासऱ्याने, शेजाऱ्याने, की शाळेत जाणाऱ्या मुलीने? आणि शेवटचा शब्द वाचायच्या आधी वाचणारा थांबला का? तुम्हाला माहीत नसेल, तर अंदाजाने लिहू नका. जाऊन विचारा. बातमी नाही म्हणून आलोय, हे आधी सांगा, आणि त्या नको म्हणाल्या तर चहा घेऊन परत या.